नखं किती?

संत्या आला तेव्हा आमचं नेहमीचं भांडण चालू होतं, आयपीएलचं. कोल्हापुरात रंकाळा तलावावर आमचा कट्टा म्हणजे एक मोडका बाक, आण्णांची चहाची गाडी आणि चार रिकामी माणसं. संत्यानं ग्लास हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. म्हणाला, "काल एक माणूस दारात आलता. कोण, कुठला, काय माहीत नाही. विचारतोय, तुमच्या कासवाला नखं किती?"

कासवाची गोष्ट कट्ट्याला पाठ होती. दोन वर्षांमागं जूनच्या पहिल्या दणक्या पावसात गगनबावड्याच्या रस्त्यावर ते भाताच्या खाचरातनं वर आलं आणि संत्याच्या गाडीखाली येता येता वाचलं. मागच्या सीटवर पोरगी होती. मग काय, गोट्या घरात आला आणि बाथरूमजवळच्या बोळात निळ्या टबात राहिला. सासूबाईंच्या मते ती लक्ष्मीच, कारण त्याच वर्षी संत्याचं दुकान चालायला लागलं. (त्याच वर्षी समोरचं दुकान बंद पडलं, ते कुणी हिशेबात धरत नाही.)

"मग सांगितलीस का नखं?" किशोर.

"दार लावून घेतलं. पैशाचा पाऊस पाडणाऱ्यांपैकी असणार. वीस नखांचं कासव नि मांडूळ घेऊन पकडलेली माणसं पेपरात येतात की नेहमी."

"पण हैत किती?"

"पोरीनं मोजली. बारा. एका पायाला तीन."

इथं निख्यानं मोबाईल खाली ठेवला. निख्या सर्पमित्रांबरोबर फिरतो, त्यामुळं असल्या विषयात त्याचा आवाज आपोआप अर्धा पट्टी वर जातो. "बाराच असणार. पाठ गुळगुळीत, कातडं ओढल्यासारखी? उलटं केलं तर मागच्या पायांवर कातडीची झाकणं? पाय आत घेतले की पट्‌दिशी मिटतात?"

"व्हय, बरोबर."

"मग ते शेड्यूल एक आहे लेका. वाघ ज्या यादीत, त्या यादीत. १९७२ चा वन्यजीव संरक्षणाचा कायदा. शिक्षा तीन ते सात वर्षं, दंड पंचवीस हजारांपासनं पुढं."

बाकावर शांतता पसरली. मग आण्णा किटली खाली ठेवत म्हणाले, "काय तरी बोलू नगो. आमच्या म्हाताऱ्यानं विहिरीत कासव सोडलंतं. पाणी चांगलं राहतंय म्हणून. तवा कोण आलं न्हाई धरायला."

आण्णांचा मुद्दा तसा खोटा नाही. विहिरीत कासव सोडायची रीत आपल्याकडं जुनी आहे. देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतंच, पाया पडताना आपण त्यालाही हात लावतो. पण विहिरीतलं कासव बेडूक, मासे, शेवाळ आपलं आपण शोधून खायचं, आणि निळ्या टबात चपातीचे तुकडे पडतात. निख्यानं हेच विचारलं, तेव्हा संत्या म्हणाला, "आवडीनं खातंय. पोरीच्या हातनं घेतंय."

"भूक लागली की कुणीही कुणाच्याही हातनं घेतंय," निख्या म्हणाला. "त्याचं खाणं म्हणजे गोगलगाई, बेडूक, मासे, पाण्यातला पाला. आणि ऊन? बोळात ऊन येतं का?"

"खिडकी हाय की. काच बंद असती, मांजर येतंय म्हणून."

"काचेतनं जे येतं त्याचा त्याला उपयोग नाही. हाडं धरायला लागणारे किरण काच अडवते."

किशोरनं मध्येच काडी टाकली. "मग दुकानात काचेच्या पेटीत विकतात ती कशी चालतात?"

"ती अमेरिकेची. कानाजवळ लाल पट्टा बघ. त्यांचाही हालच होतो, आणि कंटाळा आला की लोक तळ्यात सोडतात. मग आपल्या कासवांनी राहायचं कुठं?"

एवढ्यावर संत्या तापला. "अरं, पण मी वाचवलंय त्याला! मी थांबलो नसतो तर मागचा ट्रक गेला असता वरनं."

हे मात्र खरं होतं, आणि म्हणून त्याच्याशी भांडणं अवघड होतं. उचललं ते बरोबरच केलं. चुकलं ते पुढं. रस्ता ओलांडून त्याच खाचराच्या कडेला ठेवलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. किंवा कायद्यातच आहे, असं जनावर हातात आलं की अठ्ठेचाळीस तासांत पोलीस ठाण्याला नाही तर वनखात्याला कळवायचं.

"मग आता कळवू? दोन वर्षांनी? आत टाकतील मला. त्यापेक्षा रात्री इथंच सोडतो," संत्यानं रंकाळ्याकडं बोट केलं.

मला वाटतं सगळी गोम इथं आहे. कासव घरात आणताना कुणाला कायदा आठवत नाही. तो आठवतो बाहेर काढताना, आणि मग माणूस अंधारात, कुणाला न सांगता, जवळचं पाणी बघून सोडून मोकळा होतो. दोन वर्षं टबात काढलेल्या जनावराला काही झालंय का ते कुणी बघितलेलं नसतं, आणि त्याच्या अंगावर काही असलं तर ते तळ्यातल्या बाकीच्यांना जातं. शिक्षेच्या आकड्यानं कासवं विकणारा किती घाबरतो कोण जाणे, आमचा संत्या मात्र पुरता घाबरला होता.

मग बराच वेळ कुणी बोललं नाही. संत्याच हळू आवाजात म्हणाला, "रात्री खरवडतंय. उन्हाळा लागला की जास्त. टबाच्या तळाला नखांचे पांढरे ओरखडे पडल्यात. आम्हाला वाटायचं खेळतंय."

"चिखल शोधतंय," निख्या म्हणाला. "पाणी आटायला लागलं की ही चिखलात पुरून घेतात. पाऊस पडेपर्यंत."

आण्णांनी न मागता दुसरा चहा ओतला. निख्यानं वनखात्याचा १९२६ नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकून संत्याच्या हातात दिला. संत्यानं नाव सांगितलं. कधी सापडलं विचारल्यावर आमच्याकडं बघितलं. आम्हाला वाटलं, म्हणेल कालच. पण म्हणाला, "दोन वर्षं झाली साहेब."

पलीकडं जरा थांबल्यासारखं झालं. मग प्रश्न आला, "खायला काय देता?"

"चपाती," संत्या म्हणाला, इतक्या बारीक आवाजात की पुन्हा सांगावं लागलं.