न्यूग्रेंजची १७ मिनिटे

‘आजची रात्र वर्षातली सर्वांत मोठी, उद्यापासून उजेडच उजेड’ अशा अर्थाचे संदेश डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात फिरू लागतात. युद्धाच्या बातम्या संपत नसताना आणि घरोघरी नोकरी-आजारपणाच्या विवंचना असताना असा धीर देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण या दिवसातली आशा मला आयर्लंडमधल्या न्यूग्रेंज येथील दगडी थडग्यात अधिक खरी वाटते.

इ.स.पू. ३२०० च्या सुमारास, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांच्याही आधी, तिथल्या शेतकरी समाजाने हे थडगे बांधले. प्रवेशद्वाराच्या वर एक झरोका आहे. २१ डिसेंबरच्या आगेमागे मोजकेच दिवस सूर्योदयानंतर चारेक मिनिटांनी त्यातून उन्हाची तिरीप आत शिरते, १९ मीटर लांबीच्या बोळातून जमिनीवरून सरकत आतल्या दालनात पोहोचते आणि १७ मिनिटांत सारे पुन्हा काळोखात जाते. पुरातत्त्वज्ञ मायकेल ओ’केली यांनी १९६७ साली आत थांबून हे पाहिले, तोवर ती गावकऱ्यांच्या तोंडची आख्यायिकाच होती. मला थक्क करते ती गोष्ट वेगळीच : प्रवेशद्वार शिळेने बंद केले तरी झरोक्यातून ऊन आत येऊ शकत असे. ज्यांनी अनेक हिवाळे सूर्यावर नजर ठेवून हा कोन साधला, त्यांनी तो उजेड आतल्या मृतांसाठी योजला असावा. स्वतःला दिसावा म्हणून नव्हे.

आता आत जाण्यासाठी सोडत काढतात, आणि ऐन वेळी ढग आले तर नंबर लागलेल्यांनाही काही दिसत नाही. २०२० मध्ये करोनामुळे दालन लोकांना बंद ठेवून तो सूर्योदय इंटरनेटवरून थेट दाखवला गेला. आपल्याकडे तेव्हा दुपारचे अडीच वाजत आले होते. त्या वर्षी माणसे घराघरांत कोंडलेली असतानाही सूर्य ठरल्या दिवशी वळला, हे मला कोणत्याही सुविचारापेक्षा जास्त आधार देणारे वाटले.

मात्र ‘उजेडच उजेड’ हे खरे नाही. सुरुवातीला दिवस काही सेकंदांनीच वाढतो. मुंबई-पुण्यात तर सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो, त्यामुळे सकाळच्या शाळेची मुले तोवर अधिकाधिक अंधारात घर सोडतात. (संध्याकाळ मात्र डिसेंबरच्या पूर्वार्धातच लांबू लागलेली असते, ते कुणाच्या ध्यानात येत नाही.) म्हणून अडचणीत असलेल्या माणसाशी बोलताना उद्यापासून सारे ठीक होईल असे मी म्हणत नाही, दिशा बदलली असली तरी आणखी काही आठवडे जड जातील, हे आधीच सांगून ठेवतो.