ग्रुप घराजवळचाच शोधा

दारू सोडायला मदत करणाऱ्या ग्रुपची चौकशी करणारे बहुतेक जण शेवटी आवाज खाली आणून एकच विचारतात, "जरा लांबचा नाही का? इथे सगळे ओळखतात." भांडुपच्या माणसाला दादरचा पत्ता हवा असतो, लालबागच्या माणसाला ठाण्याचा. माझा धाकटा भाऊ एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या आधाराने यातून बाहेर आला. त्याच्यासोबत राहून, बघून माझं मत पक्कं झालंय. ग्रुप घराजवळचाच हवा, स्टेशनवरून घरी येतानाच्या वाटेवर असेल तर फारच उत्तम.

याचं कारण मुंबईची संध्याकाळ. कामावरून सुटल्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंतचे तासच पिणाऱ्याला जड जातात. तलफ तेव्हाच येते, आणि स्टेशन ते घर या वाटेवर बार किती आहेत हे त्याला पाठ असतं. एएची मीटिंग नेमकी याच वेळात, तासभर, फार तर दीड तास चालते. नवीन माणसाला जुने सांगतात, नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा कर. आता हा माणूस अंधेरीत काम करतो, राहतो भांडुपला आणि ग्रुप शोधलाय चर्चगेटला, का तर तिथे कोणी ओळखीचं नाही! जुलैत रुळांवर पाणी भरलं की पहिली सुटेल ती मीटिंग. बारला मात्र त्या दिवशीही चालत जाता येतं.

एएचा जन्म कसा झाला तेही पाहा. १९३५ साली न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल कामासाठी अमेरिकेतल्याच अ‍ॅक्रन गावी गेला होता. दारू सोडून त्याला थोडेच महिने झाले होते. काम फिसकटलं, आणि हॉटेलात एकटा असताना बारमधले आवाज त्याला ओढू लागले. त्याने घरी जायची गाडी पकडली नाही. तिथल्या चर्चमध्ये फोन लावला आणि याच गावातला कोणी पिणारा भेटेल का, अशी चौकशी केली. त्यातून त्याची एका सर्जनशी गाठ पडली. त्या डॉक्टरांनाही दारू सुटत नव्हती. दोघं तासन् तास बोलत बसले, आणि त्या जूनमध्ये डॉक्टरांची दारू कायमची सुटली. आजही मीटिंगमध्ये तेच चालतं. एक पिणारा दुसऱ्या पिणाऱ्याशी खरं बोलतो. त्यासाठी तो दुसरा रात्री नऊ वाजता हाकेच्या अंतरावर असायला हवा.

राहिली लाज. रात्री त्याला धरून जिन्याने वर आणताना सगळ्या चाळीने पाहिलेलंच आहे. लपवायचं आता काय उरलंय? आणि मीटिंगच्या खोलीत जो ओळखीचा दिसेल, तो त्याच कारणासाठी आलेला असेल. आतलं बोलणं बाहेर जात नाही. आडनाव सांगावं लागत नाही, फी नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. खर्चासाठी सभासद स्वखुशीने पैसे टाकतात, बाहेरच्यांची देणगी घेत नाहीत. बऱ्याच मीटिंगा महापालिकेच्या शाळेत किंवा चर्चच्या हॉलमध्ये भरतात. चर्चचं नाव ऐकून काहींच्या घरचे बिचकतात, पण तिथे जागा चर्चची असते, एवढंच. एए कोणत्याही धर्माशी जोडलेली नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका. हात थरथरतात, फिट येते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. आधी केईएम, सायन, नायर अशा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा. ग्रुप हे औषध आणि डॉक्टरांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आणि वांद्र्याची कृपा फाउंडेशन १९८१ पासून व्यसनमुक्तीचं मोठं काम करताहेत. पण केंद्रातून माणूस परत येतो तो त्याच गल्लीत, त्याच मित्रांत. तिथे त्याला ग्रुप लागतोच. २०१९ च्या सरकारी राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळाले होते. बाकीचे सदतीस आपल्याच इमारतींत राहतात.

पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-अनॉन हा वेगळा ग्रुप आहे. बायका, आया, बहिणी तिथे येतात. त्याच्या ऑफिसात "ताप आलाय" म्हणून कोणी फोन करायचा नाही, त्याची उधारी कोणी फेडायची नाही, हे मी तिथे बसून शिकले. तो पिवो न पिवो, आपण जेवायचं आणि झोपायचं, हेही तिथलंच. घरात कोणी पीत असेल तर त्याची वाट न बघता तुम्ही आधी जा.

फोन करून ग्रुपची चौकशी कराल तेव्हा मीटिंग कोणत्या भाषेत असते ते विचारा. मराठी, हिंदी, इंग्रजी असे वेगवेगळे ग्रुप आहेत, आणि मनातलं परक्या भाषेत निघत नाही. मीटिंग खुली आहे की बंद, हेही विचारा. खुलीत घरच्यांनाही बसता येतं. पिणारी बाई असेल तर तिथे बायका येतात का ते आधीच विचारून घ्या, कारण सगळे पुरुषच दिसले की ती दारातूनच परत फिरते. पहिला ग्रुप रुचला नाही तर जवळचाच दुसरा बघा. कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर व्यसनमुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे.

भांडुप-मुलुंड पट्ट्यात कोणाला पहिल्या दिवशी एकट्याने आत जायला जड वाटत असेल तर मला मेसेज करा. माझा भाऊ सोबत येईल. बाईमाणूस असेल तर मी येईन.