पत्रिका जुळवायची, तर छत्तीस गुण जुळवा

डेटाबेसच्या एकूण खर्चाची, म्हणजे टीसीओची, तुलना करायला बसलात? मग एवढ्यात एक्सेल उघडू नका. आधी साहेबांच्या मनात काय आहे ते काढून घ्या. मुलगी पसंत पडली की गुरुजी पत्रिका जुळवून देतातच. आपण गुरुजी.

समजा, ओरॅकल कंपनीचा डेटाबेस ठरलाय. छापील दरपत्रकात एंटरप्राइज एडिशन प्रोसेसरला ४७,५०० डॉलर. दचकू नका, साध्या इंटेल सर्व्हरवर दोन कोअरचा, म्हणजे चिपमधल्या दोन गणन-एककांचा, एक प्रोसेसर धरतात. १६ कोअरचे झाले ८, म्हणजे ३,८०,००० डॉलर. शेजारी 'सवलत अपेक्षित' असा शेरा मारा. सपोर्ट वर्षाला २२ टक्के, म्हणजे पाच वर्षांत लायसन्सइतके पैसे पुन्हा आणि वर थोडे. म्हणून तक्ता तीनच वर्षांचा करायचा. डेटाबेस कुठे अडतो ते शोधणारे डायग्नॉस्टिक्स आणि ट्यूनिंग पॅक चालू स्थितीतच हातात येतात, लायसन्स मात्र वेगळं. डीबीएने, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याने, सवयीने त्यातला एडब्ल्यूआर हा कामगिरीचा रिपोर्ट काढला की वापराची नोंद झालीच. हे तक्त्यात कशाला? ऑडिटवाले सांगतील की.

आता पोस्टग्रेस, म्हणजे मुक्त स्रोत डेटाबेस. लायसन्स शून्य. हे शून्य फार उघडंबोडकं दिसतं, त्याच्याखाली 'प्रशिक्षण', 'मायग्रेशन' आणि 'जोखीम' अशा ओळी घाला. जोखमीचा आकडा कुठून आला हे आजवर कुणी विचारलेलं नाही. ओरॅकलच्या पीएल/एसक्यूएल भाषेतली जुनी प्रोसिजर्स नव्याने लिहायचा खर्च मात्र खरा असतो, तो दामदुपटीने लावा. 'हा तर ओरॅकलमध्ये अडकल्याचा खर्च' असं कुणी म्हणालंच, तर चहा मागवा.

वेगाचे आकडे? ओरॅकलच्या करारात चाचणीचे निकाल परवानगीशिवाय जाहीर करायला मनाई आहे. केवढी सोय!

ऑपरेटिंग सिस्टिम निवडणाऱ्यांनी थोरांचा कित्ता गिरवावा. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या पैशाने आयडीसी या बाजार-संशोधन कंपनीने अभ्यास केला. पाचपैकी चार कामांत विंडोज स्वस्त निघालं, वेब सर्व्हरचं पाचवं लिनक्सला सोडलं. एवढं सोडावंच लागतं, नाहीतर पत्रिका खोटी वाटते. पुढे मायक्रोसॉफ्टची जाहिरात आली: लिनक्स दहापटीहून महाग. त्यात लिनक्स चालवलं होतं आयबीएमच्या झेड९०० या महाकाय मेनफ्रेमवर आणि विंडोज इंटेलच्या दोन झिऑन चिपांच्या यंत्रावर. एकाला हत्तीवर बसवायचं, दुसऱ्याला सायकलवर आणि मग चाऱ्याचं बिल दाखवायचं! २००४ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात-नियामकाने ती दिशाभूल करणारी ठरवली. कलेची कदर नाही हो.

शेवटचं, तक्त्याच्या मांडणीचं. न पटणाऱ्या ओळी पुसू नयेत, लपवाव्यात. बेरीज मागितली तर 'सगळं धरलंय' म्हणता येतं. मागे एका ठिकाणी मंजूर झालेला तक्ता माझ्या हाती आला. डावीकडे ४१ नंतर थेट ४४. मधल्या दोन ओळी उघडायला माउस नेलाही होता. मग खाली 'तपासले' पुढची सही दिसली. माझीच होती.