नॉयनरला म्हणे नेमच लागत नव्हता!

हिवाळी खेळांचा मोसम आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो: जर्मनीची बायथलॉनपटू (स्कीवरची शर्यत आणि मध्येमध्ये रायफलची नेमबाजी, असा हा खेळ) माग्दालेना नॉयनर नुसतीच पळणारी होती, नेमबाजी तिला कधी जमलीच नाही. व्हँकुव्हरच्या हिवाळी ऑलिंपिकला रिलेच्या वेळी तिने अंग काढून घेतलं. आणि शेवटी नेम साथ देईना म्हणून 25व्या वर्षी खेळ सोडून पळाली. पहिल्या आरोपात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो इतका चिवट.

उभ्याने नेम धरताना ती चुकायची, हे खरंच. पण त्या जागी काय होतं ते बघा. साडेतीन किलोची रायफल पाठीला लावून चढ चढायचा, छातीचा भाता चालू असतानाच थांबायचं आणि 50 मीटरवरची पाच लक्ष्यं टिपायची. पोटावर पडून मारायचं लक्ष्य 45 मिलिमीटरचं, उभ्याने मारायचं 115चं. एक चुकलं की 150 मीटरची दंडाची फेरी, म्हणजे वीस-पंचवीस सेकंद गेलेच. हे नुकसान पायांनी भरून काढणं म्हणजे लबाडी नव्हे. खेळाचा हिशेबच तसा आहे.

आणि व्हँकुव्हर 2010ची स्प्रिंट (दोनच थांब्यांची छोटी शर्यत) तर या आरोपाच्या थेट विरोधात जाते. स्लोव्हाकियाची अनास्तासिया कुझमिना आणि नॉयनर, दोघींचा एकेकच नेम चुकला. म्हणजे रेंजवर, नेमबाजीच्या जागी, बरोबरी. तरी कुझमिना दीड सेकंदाने जिंकली. 'फक्त पायांवर जिंकणारी' तिथे पायांवरच हरली! नंतर परस्यूट (स्प्रिंटमधल्या फरकाने एकेकीने सुटायचं) आणि मास स्टार्टचं (सगळ्यांनी एकदम सुटायचं) सुवर्ण तिने घेतलं. या दोन्ही शर्यतींत रेंजवर चार-चार वेळा थांबावं लागतं आणि शेवटचे दोन थांबे उभ्याचे असतात.

टीकाच करायची तर नेमकी जागा दाखवतो. जागतिक स्पर्धांत तिची 12 सुवर्णं. त्यांत सहा रिले आणि मिश्र रिलेची, जिथे प्रत्येक थांब्याला तीन जादा गोळ्या मिळतात. उरलेली सहा स्प्रिंट, परस्यूट आणि मास स्टार्टची. 15 किलोमीटरच्या वैयक्तिक शर्यतीचं मात्र एकही नाही. तिथे दर चुकीला सरळ एक मिनिट वाढतं, आणि एवढं मिनिट भरून काढणारे पाय कुणाकडेच नसतात. 'नेम कच्चा' म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण द्यायला हवं होतं. ते देत नाहीत, कारण तेवढा तक्ता उघडून बघायचे कष्ट कोण घेणार?

रिलेचं प्रकरण दोन ओळींत संपतं. दोन सुवर्णं आणि एक रौप्य गाठीशी असताना तिने आपली जागा सोडली, आणि ती मार्टिना बेकला मिळाली. बेकचा तो शेवटचा मोसम होता. जर्मनीला कांस्य मिळालं. नॉयनर धावली असती तर सुवर्ण आलं असतं का, यावर वाद घाला हवा तर. पण याला भित्रेपणा म्हणणं अतीच झालं.

राहिला पळून जाण्याचा मुद्दा. निवृत्तीची घोषणा तिने केली डिसेंबर 2011मध्ये, मोसम नुकताच सुरू झालेला असताना. कारणही उघड सांगितलं होतं: खेळात जे मिळवायचं ते मिळालं, आता साधं आयुष्य जगायचंय. त्यानंतर मार्च 2012ची जागतिक स्पर्धा झाली ती रुपोल्डिंगला, म्हणजे तिच्याच बव्हेरियात, घरच्या प्रेक्षकांसमोर. स्प्रिंटचं सुवर्ण, रिलेचं सुवर्ण, परस्यूटचं रौप्य, मिश्र रिलेचं कांस्य. बाकीच्या दोन शर्यतींत पदक हुकलं, तेही नमूद करतो. पण त्याच महिन्यात रशियातल्या खांती-मान्सीस्कला मोसम संपला तेव्हा विश्वचषकाच्या, म्हणजे मोसमभराच्या शर्यतमालिकेच्या, एकूण गुणतक्त्यात पहिलं नाव तिचंच होतं. 2008 आणि 2010नंतर तिसऱ्यांदा.