चाकू लागला की गाठ पसरते?

मुलांच्या मेंदूतल्या गाठीबद्दलचा एक फॉरवर्ड सध्या फिरतोय. चाकू लागला की गाठ पसरते, कॅन्सरची नसेल तर ऑपरेशन कशाला, आणि ऑपरेशन झालेलं मूल जन्मभर अधू राहतं, असं त्यात ठासून सांगितलंय.

पहिलं घ्या. लहान मेंदूतला मेड्युलोब्लास्टोमा, म्हणजे मुलांमधली कॅन्सरची एक गाठ, पसरतो हे खरं, पण मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यातून, आपला आपण. साधारण एक तृतीयांश मुलांमध्ये तो निदानाच्या वेळीच पसरलेला असतो. तोवर चाकूचा संबंधच आलेला नसतो. म्हणून तर ऑपरेशनआधी शक्यतो मणक्याचाही एमआरआय काढतात. उलट, दीड चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठा तुकडा मागे राहिला तर पुढचे उपचार कडक करावे लागतात. बेली आणि कुशिंग या मेंदूच्या सर्जननी 1925 मध्ये या गाठीचं वर्णन केलं, तेव्हा जवळपास सगळी मुलं दगावत. आज पसरलेली नसेल आणि ऑपरेशन, रेडिएशन, केमो हे सगळं नीट मिळालं, तर दहापैकी आठेक मुलं पाच वर्षांनंतर हयात असतात.

‘कॅन्सरची नाही’ हा दिलासा तर फारच फसवा. लहान मेंदूतली साधी गाठही पाण्याची वाट अडवते. पाणी तुंबतं, सकाळी उठल्यावर उलट्या होतात, तोल जातो, नजर अधू होते, आणि वेळ गेली तर जीवही जातो. पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा ही अशीच एक साधी गाठ; ती पूर्ण निघाली, तर बहुतेकदा पुढे काहीच उपचार लागत नाहीत. इथे थांबायला सांगणं मला अक्षम्य वाटतं.

तिसऱ्या दाव्यात तथ्य आहे, पण अर्धवट. मेड्युलोब्लास्टोमाच्या ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांत सुमारे चारातल्या एका मुलाची वाचा जाते. बहुतेकांची ती काही आठवड्यांत वा महिन्यांत परत येते. काहींच्या बोलण्यात, चालण्यात दोष उरतो. हे आईवडिलांना आधीच सांगायला हवं. मात्र पुढे अभ्यासात मागे पडण्यात रेडिएशनचा वाटा मोठा असतो, म्हणून तीन वर्षांखालच्या मुलांना ते शक्यतो टाळतात किंवा पुढे ढकलतात. तो दोष चाकूच्या माथी मारू नये.

जिथे चाकू खरोखर चालत नाही, त्या गाठीचा फॉरवर्डमध्ये उल्लेखही नाही. डीआयपीजी नावाची ही कॅन्सरची गाठ मेंदूच्या देठात, चेतातंतूंच्या मधोमध विणल्यासारखी वाढते. ती काढायला सर्जन स्वतःच नकार देतात. फार तर तपासणीसाठी सुईने तुकडा घेतात आणि रेडिएशन देतात.