‘बर्फवाल्याने बर्फापुरतं बोलावं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

गेल्या आठवड्यात मी ‘बादलीतला चरस’ लिहिला. त्यावर एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. तिला खालीच दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण दोन दिवस झोप नीट लागली नाही, म्हणून हे सविस्तर.

लेखात मी एवढंच म्हटलं होतं: भाड्याच्या खोलीत बर्फाचं पाणी आणि जाळीच्या पिशव्या घेऊन गांजाची राळ वेगळी काढणाऱ्या पोरांना वाटतं, यात केमिकल नाही, फक्त पाणी आहे, म्हणजे आपण चरस करत नाही. हा गैरसमज त्यांना महागात पडेल. यावर प्रतिक्रियाकारांचं म्हणणं असं: मी वीस वर्षांच्या तुरुंगाचा बागुलबुवा उभा केला, मला या पद्धतीतलं ओ का ठो कळत नाही, भांग चालते आणि हे चालत नाही हा ढोंगीपणा आहे, गोव्यात दारू वाहते त्याचं काय. आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं: ‘काका, बर्फाचे ठोकळे विकण्यात आयुष्य गेलं तुमचं, बर्फवाल्याने बर्फापुरतं बोलावं.’

आधी चूक कबूल करतो, नाहीतर म्हणाल म्हातारा हटवादी आहे. मी या मालाला ‘मनालीचा’ म्हटलं होतं. ते चुकलं. हिमाचलात, मलाण्याकडे, उभ्या झाडाचे तुरे हातावर चोळून चरस काढतात, तो वेगळा. मोरोक्को-लेबनॉनकडे सुकलेलं झाड चाळतात, ते वेगळं. बर्फाची रीत या दोन्हींच्या पुष्कळ नंतरची आणि पश्चिमेकडून आलेली. शिवाय राळ पाण्यात ‘विरघळते’ असं मी लिहिलं होतं. विरघळत नाही. थंडीने तिचे बारीक दाणे कडक होऊन तुटतात आणि जड असल्यामुळे तळाला बसतात. दुरुस्ती केली आहे. आभार.

आता ‘बर्फवाला’.

होय, मी बर्फवाला आहे. वडिलांनी म्हापशाबाहेर कारखाना काढला, मी तो सव्वीस वर्षं चालवला, आता पुतण्या बघतो. अमोनियाचा कॉम्प्रेसर, मिठाच्या पाण्याची टाकी उणे आठ-दहा अंशांवर, तिच्यात बुडवलेले पत्र्याचे डबे. लादी रात्रीत होत नाही, चांगला दिवस लागतो. आतून हवा सोडत राहिलात तर ती काचेसारखी होते, नाहीतर पोटात दुधाळ राहते, कारण पाणी गोठताना हवा आणि क्षार मध्यभागी ढकलतं. शापोऱ्याच्या जेटीवर पहाटे चार वाजता ट्रॉलरवाले ज्या लाद्या फोडत, त्या आमच्या. हणजूण-वागातोरच्या शॅकवाल्यांच्या पेट्यांतला चुरा आमचा. पावसाळ्यात मासेमारी बंद असताना दोन महिने कामगारांचे पगार उसने काढून दिले आहेत. भुसा, गोणपाट आणि गिऱ्हाईक या तिन्ही गोष्टी मी ओळखतो. तुम्ही बर्फ फ्रीजमधून काढता, आम्ही तो पाठीवरून वाहिला आहे. पाठीवर कधी लादी घेतली आहेत आपण? ओल्या गोणपाटातून मणक्यात शिरणारी ती थंडी, आणि त्याच वेळी मानेवरून उतरणारा घाम? असो. आपलं शिक्षण मोठं असेल.

आणि बर्फवाला आहे म्हणूनच हे कळलं, हे तुमच्या डोक्यात का येत नाही? २०२१ साली, सगळे घरातून काम करत होते तेव्हा, आमच्या वरच्या खोलीत पुण्याचा एक मुलगा भाड्याने होता. गोड मुलगा. माझ्या बायकोला आई म्हणायचा, चतुर्थीला आरतीला उभा राहिला. एका शनिवारी त्याने चार गोणी चुरा मागवला. मी म्हटलं, पार्टी का रे? हसला. मी पैसेही अर्धेच घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या मोरीत हिरवट फेस. ओलं गवत आणि आंब्याचा चीक एकत्र यावा तसा वास, नाकात बसणारा. वर पाहिलं तर गॅलरीच्या दोरीवर पिशव्या वाळत घातलेल्या, एकात एक बसतील अशा उतरत्या मापाच्या, तळाला जाळी लावलेल्या. आमच्या नात्यात स्क्रीन प्रिंटिंगचं काम होतं, त्या जाळीसारखीच. मला वाटलं, हा काही चित्रकलेचं करतो. हिने विचारलं, “एवढ्या पिशव्या कशाला रे बाळा?” तो म्हणाला, “आई, नारळाचं दूध गाळायला.”

पुढे दीड महिन्याने तो कुठेतरी दुसरीकडेच पकडला गेला आणि पत्ता आमचा निघाला. मी एका पोलीस ठाण्याच्या बाकावर सकाळी दहापासून चारपर्यंत बसलो. भाडेकरूच्या नोंदणीचा कागद माझ्याकडे होता म्हणून बरं. पण मला खरं विचारलं गेलं ते वेगळंच, आणि तीनदा विचारलं गेलं: बर्फ कुणी दिला? मी दिला. किती? चार गोणी. कशासाठी, ठाऊक होतं? नव्हतं. पुन्हा: बर्फ कुणी दिला?

त्या दिवशी मला कुणी म्हटलं नाही, की काका, तुम्ही बर्फवाले, तुम्हाला काय कळतं, घरी जा.

कायदा मी त्यानंतर वाचला. छंद म्हणून नाही. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याच्या दुसऱ्या कलमात चरस म्हणजे काय ते सांगितलंय: झाडापासून वेगळी काढलेली राळ, कोणत्याही रूपात, कच्ची असो वा शुद्ध केलेली. वेगळी काढलेली, एवढं पुरे. हाताने, चाळणीने की बर्फाने, याचा तिथे उल्लेखच नाही. म्हणजे ‘आमचा चरस नाही, बबल हॅश आहे’ (बर्फाच्या पाण्याने काढलेल्या राळेला हे नाव) हे तुमचं वाक्य इन्स्टाग्रामवर शोभतं, कोर्टात नाही. आणि कलम २५ वाचा. जागा आपल्या ताब्यात आहे आणि आत काय चाललंय ते माहीत असून चालू दिलं, तर घरमालकालाही त्याच गुन्ह्याची शिक्षा. कलम ३५ मध्ये तर असं, की जिथे मनातला हेतू लागतो तिथे तो होता असं कोर्ट धरूनच चालतं, नव्हता हे आरोपीने दाखवायचं. ‘मला ठाऊक नव्हतं’ हे सिद्ध कसं करतात, जरा सांगा. मी सहा तास त्याचाच विचार करत होतो.

आता तो वीस वर्षांचा मुद्दा. बरोबर आहे, वीस वर्षं ही वरची हद्द, आणि तीसुद्धा एक किलोहून जास्त चरसाला. शंभर ग्रॅमपेक्षा कमी असेल तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मधल्याला दहा वर्षांपर्यंत. मी फक्त मोठा आकडा लिहिला, कारण लेख पोरांनी वाचावा म्हणून लिहिला होता. यालाच तुम्ही ‘भीती विकणं’ म्हणता. बरं, विकली. बर्फ विकला, भीती विकली, माणसाने काहीतरी विकावंच लागतं. पण एक वर्ष तुम्हाला इतकं हलकं का वाटतं हे मला कळलेलं नाही. एक वर्ष म्हणजे तुमच्या आईसाठी किती दिवस, ते मोजा.

भांगेबद्दल: कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत तुरे येतात, तुऱ्यांशिवायची नुसती पानं आणि बिया येत नाहीत, भांग त्या फटीतून राहते. ढोंगीपणा आहे का? असेल. मी कायदा लिहिला नाही. २०२० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सगळ्यात कडक यादीतून काढण्यासाठी मतदान झालं, भारताने बाजूने मत दिलं, आणि त्याच महिन्यात आपल्या गोव्यात औषधी लागवडीच्या प्रस्तावावरून केवढा गदारोळ झाला, हे मलाही आठवतं. पण त्यातलं काहीही तुमच्या बादलीला परवाना देत नाही. दारूचं म्हणाल तर काजूची फेणी मी स्वतः घेतो, उर्राकही घेतो, आणि त्यावर वेगळा लेख होईल. इथे नको.

तुम्ही मधे एक प्रश्न विचारलाय: स्वतःच्या घरात स्वतःपुरतं कुणी काही केलं तर नुकसान नेमकं कुणाचं? मोठा प्रश्न आहे. त्याच्याआधी स्वतःचं घर कुणाचं ते बघा. तुमच्यातले निम्मे भाड्याने राहतात. ज्याचं घर आहे त्याची म्हातारी बायको त्या दिवशी चार वाजेपर्यंत जेवली नव्हती, आणि त्या मुलाने पुढे एक फोनही केला नाही. प्रश्नाचं उत्तर हवं असेल तर आधी नीट विचारा. ‘काका’ म्हणायचं आणि त्याच ओळीत अक्कल काढायची, ही पद्धत आमच्याकडे नाही. काका म्हणायचं असेल तर काकांशी बोलतात तसं बोल. नसेल तर सरळ नाव घे, मला चालतं.

प्रतिक्रिया काढणार नाही, काही जणांनी सुचवलं तरी. राहू दे तिथेच, लोकांना वाचू दे. फक्त एक दुरुस्ती तुमच्याही बाजूने करून घ्या. बर्फाचा ठोकळा म्हणत नाहीत. लादी म्हणतात.