नागपुरात काही होत नाही बावा

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आली. समुद्र नाही म्हणजे चक्रीवादळ नाही, मोठे डोंगर नाही म्हणजे दरड नाही, भूकंपाचं म्हणाल तर आपण सगळ्यात कमी धोक्याच्या झोन दोनमधे. मुंबईच्या मावशीकडे पाणी भरलं की आपण इकडे टीव्हीसमोर तर्री पोहे खात म्हणायचो, पहा, आणि आपलं नागपूर, झिरो माइल, देशाच्या मधोमध, एकदम सेफ. फक्त ऊन. अन् ऊन काय, ते तर घरचंच आहे.

मग आली २२ सप्टेंबर २०२३ ची रात्र. ज्यांच्या घरी महालक्ष्म्या बसतात त्यांना तारीख सांगायची गरज नाही, त्याच दिवशी जेवण होतं. आमच्याकडे तीसेक पानं उठली, सोळा भाज्या, आंबिल, पुरण, आई अन् मी रात्री बाराला भांडी घासून आडव्या झालो. आमचं घर ग्राउंड फ्लोअरला, नाग नदीपासून दोन गल्ल्या आत. साडेतीनला मी उठली ती पावसाच्या आवाजानं नाही, मोरीतून गुडगुड आवाज येत होता त्यानं. लोकांना वाटते पूर दारातून येतो. आमच्याकडे तो बाथरूमच्या जाळीतून आला, कारण गटार भरलं की पाणी उलटं चढते, अन् दाराला कितीही टॉवेल लावा, त्याचा काही उपयोग होत नाही. वीस मिनिटांत पिंढरीपर्यंत, मग कमरेपर्यंत. फ्रिज आडवा झाला. सिलेंडर तरंगून ओट्याला ठक ठक करत होता, अर्धा रिकामा सिलेंडर तरंगतो हे मला त्या दिवशी कळलं, अन् त्याची नळी ताणली जात होती ते पाहून माझा जीव गेला. आणि आई? आई महालक्ष्म्यांचे मुखवटे उचलून छातीशी धरून उभी. तिची बीपीची गोळी, घराचे कागद, पेन्शनचं पासबुक, सगळं खालच्या ड्रॉवरमधे पाण्यात.

आता जे मला नंतर समजलं ते सांगते. त्या रात्री चारेक तासांत शंभर मिलीमीटरच्या आसपास पाऊस झाला. हवामान खात्याच्या भाषेत चोवीस तासांत साडेचौसष्टच्या वर गेलं की मुसळधार, एकशे पंधराच्या वर अति मुसळधार, दोनशे चारच्या वर अत्यंत मुसळधार. म्हणजे ज्या पावसानं अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट बुडालं, मोरभवनात बसेस पाण्यात गेल्या, सीताबर्डीची दुकानं गेली, माणसं गेली, सैन्य बोलवावं लागलं, तो पाऊस आकड्यात नुसता 'मुसळधार'. या तिघांतली सगळ्यात खालची पायरी. फरक एवढाच की चोवीस तासांचं चार तासांत पडलं, तलाव आधीच भरलेला, अन् खाली नदीला जागा नाही. म्हणून मी आता मोबाईलवर नुसता येलो-ऑरेंज अलर्ट पाहत नाही, 'पुढच्या तीन तासांत' वाला मेसेज पाहते. तो जास्त कामाचा.

अंबाझरी १८७० च्या सुमारास शहराला पाणी प्यायला म्हणून बांधला. तेव्हा त्याच्या खाली शेतं अन् झुडपं असतील, आता आपण आहोत. नाग नदी लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांकडून येते, शहराच्या पोटातून पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते अन् पुढे कन्हानला मिळते. आपण तिला नाला म्हणतो. चाळीस वर्ष मीही नालाच म्हणत होती.

आणि 'काही होत नाही' हे खोटंच होतं, आपण विसरलो एवढंच. नरखेड तालुक्यातलं मोवाड आठवते का कोणाला? ३० जुलै १९९१, वर्धा नदीचा पूर, २०४ माणसं गेली. हे आपल्याच जिल्ह्यात. बाबांच्या ऑफिसात तिकडचे एक काका होते, ते पाऊस जोरात लागला की काम सोडून खिडकीत जाऊन उभे राहायचे, आम्ही पोट्टे त्यांच्यावर हसायचो. आज ते आठवलं की लाज वाटते. अन् ऑगस्ट २०२० चा कन्हानचा पूर तर कालचाच आहे, पाऊस तिकडे मध्य प्रदेशात कोसळला, तोतलाडोह धरण भरलं, पेंचचे दरवाजे उघडले अन् पारशिवनी, कामठी, मौद्याकडे गावं पाण्यात. डोक्यावरचं आभाळ पाहून पूर ओळखता येत नाही, वरच्या धरणात काय चाललं ते पाहावं लागते.

दुसरी एक गोष्ट जी मला कोणत्याच बिल्डरनं सांगितली नाही. जलसंपदा खातं नद्यांसाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखते. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाची. आपण ऐकतो 'शंभर वर्षांतून एकदा' अन् म्हणतो, चला, येऊन गेला, आता नातवंडांच्या काळात. असं नसते ते. त्याचा अर्थ दरवर्षी शंभरात एक चान्स, यंदा आला तरी पुढच्या वर्षी पुन्हा तेवढाच. निळ्या रेषेच्या आतल्या घराचं गणित करून पहा, वीस वर्षांचं होम लोन फिटेपर्यंत एकदा तरी पाणी शिरायची शक्यता अर्ध्याहून जास्त निघते. आपण फ्लॅट घेताना वास्तू पाहतो, दार कोणत्या दिशेला, संडास कुठे. पूररेषा कोणी विचारते का? मीही नव्हती विचारली.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्याला कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण असते, जिल्ह्याचा आराखडा असते, तो दरवर्षी तपासायचा असते. जिल्ह्याचा कुठला भाग कशाला कमजोर आहे हे त्याच्यात असायलाच पाहिजे. चांगली गोष्ट आहे, वाचाच. पण माझं म्हणणं हे आहे की चौदा तालुक्यांच्या आराखड्यात माझी मोरी नाही. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर पाणी आधी भरते, मधे उंचवटा आहे, शेवटच्या घरी पॅरालिसिसचे आजोबा आहेत, हे कलेक्टरला कसं माहीत असणार? त्या रात्री त्या आजोबांना चार पोरांनी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून जिन्यावर नेलं. त्यातल्या दोघांना आजोबांचं नावही माहीत नव्हतं.

म्हणून आम्ही मागच्या वर्षी जूनच्या आधी एका रविवारी एक वेडेपणा केला. वहीच्या पानावर गल्ली काढली. कोणाच्या भिंतीवर चिखलाची रेघ कुठपर्यंत, ते लिहिलं. कोणाकडे म्हातारं माणूस, कोण डायलिसिसवर, कोणाच्या घरी इन्सुलिन, कोणाकडे वरचा मजला, कोणाकडे जाड दोर. मेन स्विच कोणाचा जमिनीपासून हातभर वर आहे अन् कोणाचा खांद्याच्या उंचीवर, कारण पाणी पायाला लागायच्या आधी तो बंद करावा लागते, नंतर हात लावायचा नाही. जवळपास सगळ्यांच्या इन्व्हर्टरची बॅटरी फरशीवर निघाली. ती सहा जणांनी स्टँडवर चढवली. मोरीसाठी आम्ही दोन पोत्यांत रेती भरून ठेवली, प्लंबरकडून पाणी उलटं येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्वही बसवून घेतला. आपत्ती कक्षाचा १०७७, फायर ब्रिगेडचा १०१ अन् ॲम्ब्युलन्सचा १०८, हे नंबर मीटरच्या डब्यावर मार्करनं लिहून ठेवलं. एक काका म्हणाले, एवढं काऊन करून राहिले बे तुम्ही, महापालिका आहे ना. तेच काका नंतर सगळ्यात जास्त फोन करत होते.

इन्शुरन्सचंही सांगून टाकते, कारण मी फसली. पाणी उतरल्यावर मी गाडीला चाबी लावून सेल मारला. नाही मारायचा! इंजिनात पाणी असते, ते जागच्या जागी लॉक होते, अन् इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर नसेल तर कंपनी हात वर करते. माझ्या कंपनीनं केले. नुसतं थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचंच इन्शुरन्स असेल तर पुराचे पैसे मुळातच मिळत नाही. घरासाठी २०२१ पासून सगळ्या कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' नावाची सारख्याच अटींची पॉलिसी आहे, पूर अन् भूकंप दोन्ही त्यात येतात, हे मला पूर आल्यावर कळलं.

उन्हाचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं कारण त्याला आपण आपत्ती मानतच नाही. २३ मे २०१३ ला ४७.९ होतं. २०२४ च्या मे मधे ५६ डिग्रीचा मेसेज सगळ्या जगात फिरला, नंतर हवामान खातं म्हणालं की सेन्सर बिघडला होता, अन् आपण त्याच्यावर जोक करत बसलो. पण त्याच दिवसात खऱ्या पंचेचाळीसमधे सिमेंटच्या रस्त्यावर काम करणाऱ्याला कोण पाहते? पुरात माणूस गेला की बातमी होते. ऊन लागून गेला की 'त्याला आधीच काहीतरी होतं' म्हणतात. महापालिकेचा हीट ॲक्शन प्लॅन २०१६ पासून आहे, पण खिशात कांदा ठेवण्याच्या पुढे आपण गेलो का? घाम थांबला, माणूस बडबडायला लागला की पन्हं पाजत बसायचं नाही, ओलं करून थेट दवाखाना. विजेचं तसंच. काटोल-नरखेडकडे शेतात असाल तर मोबाईलमधे विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप ठेवा, अन् चमकल्यापासून तीस आकडे मोजायच्या आत गडगडलं तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, झाडाखाली नाही, पक्क्या घरात जायचं.

पेंटरनं घर रंगवताना चिखलाची रेघ घासायला घेतली होती. आई म्हणाली, फ्रिजमागची राहू दे. ती अजून आहे, माझ्या कमरेच्या वर चार बोटं.

मागच्या वर्षी महालक्ष्म्यांच्या आधी आई वरच्या काकूंकडे गेली अन् भीतभीत विचारलं, यंदा तुमच्या हॉलमधे बसवू का हो? काकू म्हणाल्या, बसवा ना, पण पुरणाचं खाली तुमच्याच ओट्यावर करा, माझ्या दोन बर्नरवर तीस पानं नाही निघत.